माडीवरचं रडणं

फ्लामेंको आमच्या घरात ऐकण्यासाठी आलं नाही, भिंतीवर टांगण्यासाठी आलं.

वडील सोलापुरात एका कापडगिरणीत फिटर होते. एका वर्षी गिरणीत नवी यंत्रं आली आणि ती बसवून द्यायला त्यांच्यामागून स्पेनचा एक माणूस आला. काही महिने तो गिरणीच्या गेस्ट हाउसात राहिला. त्याला मराठी येत नव्हतं, वडलांना इंग्रजी येत नव्हतं, आणि त्याचं इंग्रजी मी एकदा ऐकलं तेव्हा ते माझ्याहून फार बरं नव्हतं. पण पाने, नट आणि बोल्ट यांच्यावर दोघांचं छान जमलं. वडलांनी त्याला एकदा घरी जेवायला आणलं. आईनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वांगं वाढलं. चटणीनं त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तो पठ्ठ्या मागून मागून खात होता. परत जायच्या आधी त्यानं वडलांच्या हातात फ्लामेंकोची, त्याच्या देशातल्या गाण्या-नाचाची, एक रेकॉर्ड ठेवली. आमच्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नाही हे त्याच्या ध्यानात आलं नसावं, आणि वडलांना ते सांगणं जमलं नसावं.

कव्हरवर एक बाई होती. लाल झग्यावर पांढरे ठिपके, झग्याचा घोळ मागं जमिनीवर पसरलेला. दोन्ही हात वर, फळीवरचा डबा काढताना जातात तसे, फक्त मनगटं वळलेली. चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. आत्ताच कोणाशी तरी कडाकडा भांडून आली असावी असा आव. आईनं ते चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि निकाल दिला, "बाई काय वंगाळ न्हाय. अंगभर ल्यालीय." मग खिळा ठोकून ती बाई देवाच्या कॅलेंडरशेजारी टांगली गेली. येणारा-जाणारा विचारायचा, ही कोण? आई सांगायची, "ह्यांच्या सायबाची कुनीतरी हाय."

मी तेव्हा कॉलेजात होते. रोज केस विंचरताना त्या बाईकडे बघून बघून माझी मान आपोआप मागं जायला लागली, नजर तिरकी व्हायला लागली. प्रेम आंधळं असतं म्हणतात. माझं तर बहिरंही होतं. एक सूर कानावर पडायच्या आधीच मी त्याच्यात गळ्यापर्यंत बुडाले होते.

आमच्या पेठेत लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्यानं देणारे एक चाचा होते. त्यांच्या मुलीला मी गणित शिकवायचे. फीच्या बदल्यात त्यांनी मला एक जुना रेकॉर्ड प्लेअर द्यायचं कबूल केलं. दुकानातच आम्ही तो वाजवून पाहिला. आधी नुसती गिटार, मग टाळ्या, आणि मग एकदम माणसाचा आवाज. चाचांनी झटकन सुई उचलली. "सुई घिस गई क्या की," असं म्हणून त्यांनी नवी सुई घातली आणि पुन्हा लावली. पुन्हा तोच आवाज.

"सुई का कुछ नै बेटी," चाचा म्हणाले, "आदमीच ऐसा है."

तो आवाज कसा होता हे सांगायला आजही मला धड शब्द सापडत नाहीत. गळा गोड म्हणावा असा नव्हताच. खरखरीत, फाटका. सुरुवातीला शब्दच नाहीत, नुसतं 'आय्'. ते लांबत जायचं, खाली यायचं, आता संपलं असं वाटायचं, आणि तिथूनच पुन्हा उसळून वर जायचं. त्यात टाळ्या. आपल्या भजनात सगळ्यांनी मिळून एका ठिकाणी टाळी द्यायची असते. ह्यांच्या टाळ्या एकमेकींच्या फटीत घुसायच्या. शाळेत आम्हाला मात्रा मोजायला शिकवलं होतं, म्हणून मी मोजत बसले. मात्रा बारा भरल्या. म्हणजे आपला एकतालच की, असं म्हणून मी खूश झाले, तर सगळा जोर भलत्याच मात्रांवर. मग भाकरी थापताना, वर्गात, बसमध्ये, मांडीवर बोटांनी तो ठेका धरायचं वेड लागलं. एक दिवस तो बोटांत बसला आणि बसला तो बसलाच.

नाच तर मी पाहिलाच नव्हता. सोलापुरात तो मला कोण दाखवणार होतं? पण रेकॉर्डमध्ये मध्येच गाणं थांबायचं आणि नुसते पाय ऐकू यायचे. त्या आवाजावरून आणि कव्हरवरच्या त्या एका चित्रावरून मी अख्खा नाच माझा मीच रचला. चपलेला टाच नाही म्हणून वडलांचे गिरणीतले जुने बूट काढले, आत चिंध्या कोंबल्या आणि घातले. पुढं कित्येक वर्षांनी टीव्हीवर खरा नाच पाहिला तेव्हा कळलं, माझं जवळजवळ सगळंच चूक होतं. राग तेवढा बरोबर होता.

आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर एक लाकडी फळ्यांची माडी. वडलांनी एकदा ते गाणं ऐकलं आणि हात जोडले, "बाई, गिरणीतनं डोकं उठवून आलोय, हे नको." म्हणून ते पाळीवर गेले की मी माडीवर. आई खालून ओरडायची, "घोडं बांधलंय का काय गं वर?" पण तिचं ओरडणं जेवणाआधी म्हणायच्या श्लोकासारखं होतं, म्हणून झालं की झालं. एकूण माझं बरं चाललं होतं.

मग अण्णा आजारी पडले.

अण्णा म्हणजे वडलांचे थोरले भाऊ. मंगळवेढ्याला असायचे. काकूला मी पाहिलंही नाही. ती लवकर गेली, मूलबाळ झालं नव्हतं, आणि अण्णांनी पुन्हा लग्न केलं नाही. वडलांना त्यांनीच वाढवलं, शाळेत घातलं आणि गिरणीत लागताना एसटीत बसवूनही त्यांनीच दिलं. दरवर्षी सुगी झाली की एसटीच्या टपावर ज्वारीची पोती टाकून ते यायचे. दुष्काळाचं एक वर्ष सोडलं तर आमच्या घरी विकतची ज्वारी कधी आली नाही. मी वाढले ती त्यांच्याच भाकरीवर.

त्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. सरकारी दवाखान्यात पाणी काढलं, आणि नंतर विश्रांतीला आमच्याकडे आणलं. त्यांची खाट खालच्या खोलीत, बरोबर माझ्या माडीखाली पडली. वडलांनी सगळ्यांना बजावलं, "अण्णा हिंडा-फिरायला लागंपर्यंत रेडिओ न्हाय, गाणं न्हाय, काय न्हाय. दुखन्याच्या घरात बरं दिसत न्हाय ते."

मी ते पाळलं. रोज बूट पाहायचे, रेकॉर्डवरची धूळ पुसायचे आणि खाली येऊन अण्णांना औषध द्यायचे. अण्णा बरे व्हावेत असं मला अगदी मनापासून वाटायचं. पण त्यातलं अर्धं मन रेकॉर्डसाठी होतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि लाज वाटत होती. त्यांच्या खाटेच्या कडेला बसून मी पेपर वाचून दाखवायचे आणि दुसऱ्या हाताची बोटं खाटेच्या लाकडावर वाजत असायची. ते म्हणायचे, "काय गं, हाताला मुंग्या आल्या का?"

एका दुपारी कोपऱ्यावरचे डॉक्टर इंजेक्शन द्यायला आले. तपासून झाल्यावर त्यांनी वडलांना उंबऱ्याबाहेर नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, की पाणी पार गेलंय, ताप उतरलाय, आता माणूस खडखडीत होईल. पण एवढ्यात हे त्यांना सांगू नका, नाहीतर पेरणीला पळतील. अण्णांची नस त्यांनी बरोबर ओळखली होती. ज्वारीच्या पेरणीचे दिवस जवळ आले होते. वडील डॉक्टरांबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथूनच पाळीवर गेले. आई दळण घेऊन पिठाच्या गिरणीत गेली. अण्णा डोळे मिटून पडले होते. इंजेक्शनानं झोप लागली असणार, असं मी धरून चालले, कारण मला तसं धरायचं होतं.

वर गेले. खिडकी लावली. आवाज अगदी बारीक ठेवून सुई टेकवली.

बारीक किती वेळ राहणार? इतक्या दिवसांची उपाशी होते मी. गाणं ऐन भरात आलं तेव्हा माझा हात कधी बटणाकडे गेला ते मला कळलं नाही, आणि बूट कधी घातले तेही आठवत नाही. तो माणूस 'आय्' म्हणून हेल काढत होता, मागं टाळ्या पडत होत्या, आणि मी फळ्यांवर दणादण टाचा आपटत होते. गाण्याबरोबर गळाही काढत असेन. रेकॉर्डची बाजू संपली तेव्हा मी घामाघूम झाले होते आणि आयुष्यात क्वचितच इतकी सुखात असेन.

खाली आले तर अण्णा जागे होते. छताकडे बघत होते. मी म्हटलं, "दूध देऊ का?"

"नगो," ते म्हणाले. "बस हितं."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तसं ते कधी करत नसत. मला वाटलं, एकटं वाटत असेल.

संध्याकाळीही त्यांनी दूध घेतलं नाही, रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी औषध नको म्हणाले. वडील पाळीवरून आले तेव्हा त्यांनी त्यांना जवळ बसवलं आणि शांतपणे सांगायला सुरुवात केली. बैल शेजारच्याला दे, तो त्यांना मारत नाही. विहिरीच्या मोटारीचं त्याच्याशी काय ठरलंय ते असं असं. मला गावाकडं ने, तिथल्या मातीत जाऊ दे. वडील चक्रावले. "अण्णा, असं काय बोलायलाव? दाक्तर म्हनलाय तुमी चांगलं झालाव."

"मला फशीवतो व्हय रं?" अण्णा म्हणाले. "दाक्तर तुला भाइर घिऊन गेला. मागनं वर समदी रडायली हुती. ऊर बडवून रडायली हुती. म्या काय भैरा हाय का?"

वडलांनी आईकडे पाहिलं. आईनं वडलांकडे पाहिलं. घरात तर कोणीच रडलं नव्हतं. स्वयंपाकघरात आल्यावर आई कुजबुजली, "मानूस जायला झाला की त्याला रडनं ऐकू येतंय म्हनं. भाऊजींना तसलंच काय तरी झालंया." ही समजूत दोघांच्याही अंगात लहानपणापासून मुरलेली होती. वडील गिरणीत विजेच्या मोटारी उघडून बसवणारे, पण त्यांचंही तोंड उतरलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एका क्षणात पुसलं गेलं. पाहुण्यांना निरोप धाडावेत का, मंगळवेढ्याच्या गाडीला कंडक्टरकडे चिठ्ठी द्यावी का, असं बोलणं सुरू झालं.

मी चुलीजवळ उभी होते. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या तोंडात येऊन बसलं होतं, आणि मी ते गिळलं. वडलांची भीती वाटली हे खरं, पण नुसती भीती असती तर मला आज इतकं टोचलं नसतं. त्या घरात, त्या अख्ख्या पेठेत, माझ्या त्या गाणाऱ्याचं मर्म ओळखणारा एकही माणूस आजवर मला भेटला नव्हता. चाचांना सुई झिजलेली वाटली, आईला घोडं. अण्णांना मात्र ते फळ्यांच्या पलीकडून, एकदाच ऐकून, काळजात जाऊन बसलं होतं. आतून मला त्याचा अभिमान वाटत होता. खाटेवर माणूस अन्न सोडून पडला होता आणि मी माझ्या रेकॉर्डवर खूश होते.

तिसऱ्या दिवशीही अण्णांनी पाण्याखेरीज काही घेतलं नाही. ओठ सुकले होते. पण चेहरा, मला तेव्हा नवल वाटलं, चेहरा अगदी निवांत होता. वडील चिठ्ठी लिहायला बसले तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मी माडीवर गेले, प्लेअर उचलून खाली आणला आणि अण्णांच्या उशाशी ठेवला. वडील म्हणाले, "डोस्कं फिरलं का तुजं?" मी सुई टेकवली.

गिटार झाली, टाळ्या झाल्या, आणि तो आवाज आला. अण्णांनी मान वळवली.

"ह्येच," ते म्हणाले. "ह्येच ते."

"अण्णा, हे रडनं न्हाय. गानं हाय. मी वर लावलं हुतं."

"गानं?" ते उठून बसायला लागले. आईनं पदर सावरत मागं उशी दिली. कानाला हात लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. "ह्याला गानं म्हंत्यात व्हय? आगं, गडी रडतोय की. कोन मेलंय त्याचं?"

"कुनी मेलं न्हाय."

"मग काय उगंच रडतोय? उगंच कोन असं रडंल का?"

शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. कोण जाणे, कोणीतरी मेलं असेलही.

"आन् ते ऊर बडवायचं?"

मी बूट आणले, घातले, आणि आई तोंडाला पदर लावून "आगं ये, भाऊजींच्या म्होरं..." म्हणत असताना शहाबादी फरशीवर चार टाचा आपटून दाखवल्या. माडीच्या फळ्यांसारखा नाद तिथं नव्हता, पण अण्णांना पुरला. ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसले. वडलांनी चिठ्ठी चुरगळली आणि मला जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. आजारी माणसाच्या डोक्यावर थयथयाट, बापाचे बूट, कॉलेजात घातलं हीच चूक, सगळं आलं त्यात. आई दूध तापवायला पळाली.

ती दोघं आत गेली. रेकॉर्ड नुसतीच फिरत होती. मी सुई उचलली.

"म्हंजी ते माज्यासाटी न्हवतं," ते म्हणाले.

"न्हाय ना अण्णा. तेच तर सांगायले की. तुमाला काय बी झालं न्हाय. दाक्तरनं सोता सांगितलंय."

मला वाटलं, आता त्यांचा जीव भांड्यात पडेल. त्यांनी मान हलवली. "व्हय. चांगलं झालं," म्हणाले, आणि मग, माझ्याकडे न बघता, "पर तुला सांगू का पोरी, मला लई बरं वाटलं हुतं. म्हनलं, पोटचं कुनी न्हाय, पर आपल्यामागं ऊर बडवून रडनारं हाय कुनीतरी. आता जायाला हरकत न्हाय. म्हनून तर सोडलं की दूध."

भीतीनं त्यांनी अन्न सोडलं होतं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ते समाधानानं सोडलं होतं. आणि ते समाधान मी आत्ता, प्लेअर उशाशी आणून, बूट आपटून, पुराव्यानिशी काढून घेतलं होतं. खरं सांगितलं म्हणून मला कोणी कधी दोष दिला नाही. मीही दुसरं काय करणार होते? पण त्यांचा तो चेहरा उतरलेला मी पाहिला. आईनं दूध आणलं, ते त्यांनी मुकाट्यानं घेतलं, आणि पेला रिकामा करून माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "अण्णा, मी रडंन की तुमच्यासाटी." आजारी माणसाशी असं बोलतात का कोणी? पण तोंडातून गेलं.

ते हसले. "तू न्हाय रडायची. तू कालिजात जातीस. तुमच्यात मुसमुसत्यात."

ते बरे झाले, पेरणीला गेले, सुगीला ज्वारी घेऊन आले. आता यायचे तेव्हा जेवण झाल्यावर हमखास म्हणायचे, "लाव गं ते रडायचं." वडीलही मग काही बोलत नसत. अण्णा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचे आणि संपलं की दर वेळी एकच म्हणायचे, "लई सोसलंय गड्यानं." फ्लामेंकोवर पुढं मी इकडं-तिकडं बरंच वाचलं. त्यात ह्याहून खरं काही मला वाचायला मिळालं नाही. मी लावायचे, पण ते ऐकत असताना माझं सुख मात्र गेलं होतं. ते माझ्या गाण्यात स्वतःसाठी रडणारं माणूस शोधतायत असं वाटत राहायचं, आणि मी तिथंच बसलेली असूनही ते माझ्याकडे बघत नसत.

पुढं दोनेक वर्षांत ते गेले. हुरड्याचे दिवस होते. शेतातच छातीत कळ आली आणि खेळ खलास. मंगळवेढ्याच्या गाडीच्या कंडक्टरनं आमच्या घरी निरोप पोचवला. मी तेव्हा एका शाळेत शिकवायला लागले होते. आम्ही तिघं मिळेल त्या एसटीनं निघालो. वाटभर दोन्ही बाजूंना कणसांनी भरलेली ज्वारी होती. वडील खिडकीतून बाहेर बघत राहिले.

गावात वळणापाशी पोचलो आणि माझ्या आईनं, सोलापुरात शेजारणीच्या दुःखात पदरानं नुसते डोळे टिपणाऱ्या माझ्या आईनं, पदर डोक्यावरून ओढला आणि तिथूनच गळा काढला. तशीच रीत. जवळच्या बाईनं वळणापासूनच रडत यायचं, म्हणजे आतल्यांना कळतं, आपलं माणूस आलं. आतल्या बायकांनी तिच्या सुरात सूर मिसळला. मी तिच्या मागं मुकाट चालत होते.

अण्णांना, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, ओसरीवर भिंतीला टेकून बसवलं होतं. कपाळाला बुक्का होता. भोवती शेजारपाजारच्या बाया होत्या. मला बघून एक म्हातारी म्हणाली, "सरका गं, लेकीला जागा द्या. लेकीच्या जागंवर हीच की त्येच्या." बाया सरकल्या. मला अगदी जवळ बसवलं. आई एका बाजूला दमून बसली होती. रडणं ओसरलं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आता लेकीनं उचलायचं होतं. मेलेल्याला हाक मारायची, त्याचं एकेक आठवून हेल काढायचा, मग बाकीच्यांनी तो पुढं न्यायचा. ती वेळ माझी होती. मला आठवायला कमी नव्हतं. पोती होती, पेपर होता, दुधाचा पेला होता. मी तोंड उघडलं. गळ्याशी आलं ते त्या परक्या माणसाचं 'आय्'. माझ्या स्वतःच्या भाषेतला एक शब्द त्याच्यामागं येईना. मी तोंड मिटलं.

बाया थांबल्या. आणखी थोडं थांबल्या. मग अण्णांच्या शेतात खुरपायला येणाऱ्या एका बाईनं, नात्याची ना गोत्याची, तिनं माझ्या वाटणीचा सूर उचलला. "कुटं गेलासा वो अण्णा, उभं पीक टाकून... माज्या लेकाच्या लग्नात मांडवाला हात लावला वो तुमी... आता बांधावनं कुनाला हाक मारू..." आवाज फाटका होता. ओळ संपता संपता ती शेवटचं अक्षर गिळायची, तिथं श्वास तुटायचा, वाटायचं आता संपलं, आणि तिथूनच ती पुन्हा वर जायची. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ते दुःख नव्हतं. मला आनंद झाला होता. इतकी वर्षं सुईखाली जे ऐकत आले ते समोर, हातभर अंतरावर, जिवंत माणसाच्या गळ्यातून निघत होतं, आणि ती पुढचा हेल कुठून उचलते ह्याच्यासाठी मी जीव कानांत गोळा करून बसले होते. समोर अण्णा भिंतीला टेकून होते, आणि मला त्यांचं भानही नव्हतं.

मांडीवर बोटं चालायला लागली होती. तो ठेका तिच्या रडण्यात बसत नव्हता, तरी मी तो बसवायला बघत होते.

शेजारच्या म्हातारीनं ते पाहिलं आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. "रडू नगो बाय, रडू नगो," ती म्हणाली, आणि बाकीच्यांना दाखवत म्हणाली, "बगा गं, हात कसं थरथरायल्यात पोरीचं. लई जीव हुता तिचा अण्णावर." ते ऐकून बायांना नव्यानं रडू फुटलं. दाराशी उभे असलेले वडील, सोलापूरपासून कोरडे डोळे घेऊन आलेले, माझ्या हातांकडे बघून हुंदका देऊन रडले. मी मान खाली घातली आणि हात तिच्या हातांत तसेच राहू दिले.